छाटीत गेलेली चित्रं

नागमणी मेलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडं कुणावर चार ओळी लिहिल्या की लोक पहिल्यांदा विचारतात, कधी गेली? ती ठणठणीत आहे. गुडघे तेवढे दुखतात. फोनवर अजून ओरडून बोलते, समोरचा माणूस विहिरीत पडल्यासारखी. फक्त आमच्या गल्लीत आता ती राहत नाही, आणि ती का गेली हे ज्याला विचाराल तो वेगळं सांगतो. म्हणून लिहिते.

आमची गल्ली सोलापूरच्या पूर्वभागात. इथं पूर्वी घरोघरी माग होते. आता बाया विड्या वळतात. दारात बसायचं, मांडीवर सूप घ्यायचं, पान कातरायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. नागमणीचं घर आमच्या समोर. ती तेलुगू, विणकराच्या घरातली, पण विडी कधी वळली नाही. ती चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायची. चौकटीच्या कागदावर एकेक चौकट रंगवायची, मग त्या कागदावरून मागावर फूल, वेल, मोर उतरायचा.

तो मोरच सगळ्याच्या मुळाशी होता. ती म्हणायची, "अक्का, माझा मोर बघितलास? जल्मभर एका पायावर उभा हाय. लोकं पांघरून झोपत्यात, तो आपला उभाच. मला कीव यायची त्याची." (मी तिच्यापेक्षा मोठी, म्हणून मला अक्का.)

कारखान्यात कंप्युटर आले तेव्हा जुनी माणसं घरी गेली. ही मात्र नव्या पोराच्या खुर्चीमागं उभी राहून शिकली. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तिनं कंप्युटरवर त्या मोराचा पाय खाली टेकवला. मग दुसरा उचलला. सगळं ऑफिस डबे सोडून उठलं म्हणे. मालक आत आले, बघितलं आणि म्हणाले, "नागमणीबाई, आपण चादरी विणतो. सर्कस चालवत नाही."

ती घरी आली आणि मला म्हणाली, "चाललं की गं ते!" मालक काय म्हणाले ते तिनं नंतर कधीतरी, हसत सांगितलं. बोलणी तिला उशिरा पोचायची.

पुढं तिचंही काम सुटल्यावर तिनं घरातला मोडका माग विकला आणि त्या खोलीत हलत्या चित्रांचा क्लास काढला. अ‍ॅनिमेशन हा शब्द आम्हाला तिनंच शिकवला, पण आम्ही हलती चित्रंच म्हणायचो. शेजारपाजारची पोरं यायची. तिच्याकडं एक काच होती, नव्या पेठेतून डोक्यावर धरून, रिक्षावाल्याशी भांडून, शेवटी चालत आणलेली. काचेखाली बल्ब. काचेवर कागद ठेवायचा, त्यावर दुसरा. खालचं चित्र दिसतं, वरचं थोडं सरकवून काढायचं. मग मोबाईलनं एकेकाचा फोटो. सगळे भराभर दाखवले की चित्र चालतं. एवढंच आहे ते. पण एवढ्यासाठी माणूस कितीतरी कागद खराब करतो.

आमच्या चौकात एक फळा आहे. कुणी वारलं की त्यावर लिहायचे, भजन असलं की लिहायचे, आणि मुख्य म्हणजे पाणी कधी येणार ते लिहायचे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं देवाच्या आधी माणूस फळ्याकडं बघतो. लिहिणारा म्हातारा थकला तेव्हा नागमणीनं ते काम मागून घेतलं. बाकीच्या बाया पदराच्या गाठीला सुटे पैसे बांधतात, ही खडू बांधायची.

दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर बातम्या यायला लागल्या. "रविवारी कॉलेजच्या पोरांनी केलेली हलती चित्रं सभागृहात दाखवणार. आत जायला पैसे नाहीत. तंबाखू बाहेर थुंकणे." "परदेशात एका बाईनं काचेवर वाळू पसरून अख्खी गोष्ट हलवली." "आपल्या गल्लीतल्या मुलींनी केलेला कावळा परवा पूर्ण झाला. कावळा उडतो, पण उतरायचा बाकी आहे." आणि हे सगळं झाल्यावर, अगदी तळाशी, बारीक अक्षरात: पाणी उद्या.

लोक चिडायचे. आमची शांता तर जोरात म्हणायची, "आधी पाण्याचं लिही की बाई! घागर घेऊन मी काय वाळूतल्या बाईचं वाचू?"

"वाचलंस न्हवं?" नागमणी म्हणायची. "वाळूतली बाई म्हाईत झाली तुला. झालं माझं काम."

एकदा कुणा पुढाऱ्याच्या माणसानं सगळा फळा पुसून साहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिल्या, रंगीत खडूनं, कमळंबिमळं काढून. दोन दिवस कुणी हात लावेना. तिसऱ्या दिवशी खाली एक ओळ आली. "वाढदिवस झाला. आता बातम्या." तो माणूस विचारायला आला. ती त्याला म्हणाली, "तुमची कमळं चांगली आलीत. उमलताना काढता येतील का?" पुढं त्याची पोरगी क्लासला यायला लागली.

तिचा एक स्वभाव मला आवडायचा नाही. ती माणसाकडं माणसासारखं बघायचीच नाही. कुणी लुगडं पिळत असलं, कुणी जिन्यावरून उतरत असलं, की थांबवायची. "परत कर. हळू कर. खांदा आधी जातो का कोपर?" मयताच्या घरीसुद्धा तिचं ध्यान कोण रडतंय याच्यावर नसायचं, बाई भिंतीला टेकून खाली कशी बसते याच्यावर असायचं. मी एकदा तिला तोंडावर म्हणाले, "तुला काळीज न्हाय." ती म्हणाली, "असंल. पण ती बसली कशी ते तुला आठवतंय का? मला आठवतंय." मला आठवत नव्हतं.

नळावर शांताचं आणि मधल्या घरातल्या सुनेचं भांडण लागलं, केस धरण्यापर्यंत. आम्ही सगळ्या सोडवायला धावलो. नागमणी घागर खाली ठेवून टक लावून उभी. शांतानं सुनेला ढकललं, तशी ही ओरडली, "अय्यो, शांते, परत ढकल की! तुझा डावा पाय कुटं होता ते मी बघितलंच न्हाय." दोघी थांबल्या. सून हसली. शांता हसली नाही, पण तिचा हात सुटला. भांडण तिथंच मेलं.

आता शांताबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. विडीच्या कारखान्यात चेकर असतो. तो बंडलं उलटून बघतो आणि जी विडी जाड, बारीक, वाकडी, बाकीच्यांसारखी नाही, ती काढून टाकतो. त्याला छाट म्हणतात. शांताची छाट कधी निघायची नाही. तिच्या पंचवीस विड्या शेजारी ठेवल्या की एकच विडी पंचवीसदा दिसते आहे असं वाटायचं. आम्ही माल द्यायच्या आधी तिला दाखवायचो. ती नुसत्या बोटांनी छाट ओळखायची, गप्पा मारता मारता.

शहरातलं एक कलामंडळ वर्षातून एकदा हलत्या चित्रांचा दिवस करायचं. मोठा पडदा, कॉलेजची पोरं, पुण्याचे पाहुणे. त्यांच्या मागं लागून लागून शेवटी नागमणीला त्यात जागा मिळाली. तिनं ठरवलं, विडी वळणाऱ्या हाताचं चित्र करायचं. झाडाचं पान गळून सुपात पडतं. हात ते कातरतो, भरतो, वळतो, बांधतो. आणि सुपातली कातरणं उडून बाहेर जातात, त्यांचं परत झाड होतं. दिवाळीपासून ती काचेला चिकटून होती. आमच्यासमोर बसून हात बघायची, घरात जाऊन काढायची, परत यायची.

तेवढ्यात तिचा मुलगा रमेश हैदराबादहून आला. पोरगा वाईट नाही. आई एकटी राहते, गुडघे गेलेत, इथं पाण्याचे हाल, हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. खोलीला गिऱ्हाईकही बघून आला होता. मायलेकरं तेलुगूत तासभर भांडली. मग ती बाहेर येऊन आमच्यात बसली आणि सांगितलं, "मी बोलून बसले गं. त्या दिवशी पडद्यावर माझं चित्र धड हललं, तर मी हितंच राहणार, क्लास चालवणार. न्हाय हललं तर तो म्हणंल तिकडं. तो त्या दिवशी येणार हाय बघायला."

"आणि हैदराबादेत काय करणार तू?" मी विचारलं.

"सातव्या मजल्यावर बसून लिफ्ट वरखाली होताना ऐकणार."

त्यानंतर गल्लीतल्या सगळ्याच बाया तिच्या कामाला हात लावायला लागल्या. कोण कागद आणून देई, कोण तिची भाकरी टाकी. काढलेले कागद तिनं रांगेनं लावून, कोपऱ्यात आकडे घालून शांताच्या ताब्यात दिले. कडा सारख्या कर, पंचवीस पंचवीसची बंडलं बांध, म्हणजे फोटो काढताना घोळ नको. बंडल बांधायला शांतापेक्षा बरी बाई कोण मिळणार?

कार्यक्रमाला आठवडा उरला असताना नागमणीनं फोटो काढायला घेतले. थोड्या वेळानं ती दारात आली. हातात एक बंडल, तोंडावर रंग नाही.

"शांते, ह्यात आकडे गळत्यात. मधली कुटं हायत?"

"कसली मधली?"

"हात वळतानाची. पान हाय, मग एकदम बांधलेली विडीच हाय. मधलं वळणंच न्हाय!"

शांता विडी वळतच होती. मान वर न करता म्हणाली, "ती व्हय? ती छाट होती. काढली मी."

कुणाचाच हात चालेना.

"छाट म्हंजे?"

"म्हंजे वाकडी आलेली. पहिल्या चित्रात बोट हितं, दुसऱ्यात सरकलेलं, तिसऱ्यात आणि सरकलेलं. एकासारखं एक न्हाय. पान पडताना सरकतंय ते ठीक, पण वळणारं बोट असं हिंडत न्हाय. मी म्हणलं, गुडघे दुखत्यात हिचे, बसून बसून हात घसरला असंल. चांगली सारखी सारखी तेवढी ठेवली."

"सरकायलाच काढली होती गं ती!" नागमणी ओरडली. "सरकली म्हणून तर हात हलणार होता!"

आता शांतानं मान वर केली. नागमणीनं विचारलं, "ठेवलीत कुटं?"

"बंबात घातली."

बंबात म्हणजे पाणी तापवायला. नागमणी उंबऱ्यावर बसली. शिव्या देईल असं वाटलं मला, आणि द्यायला पाहिजे होत्या. ती म्हणाली, "पाणी तरी तापलं का चांगलं?"

"तापलं," शांता म्हणाली. ती उठून घरात गेली. चहा करून आणला, नागमणीच्या पुढ्यात ठेवला आणि तिथंच उभी राहिली. ती कधी कुणाची माफी मागत नाही, तेव्हाही मागितली नाही. म्हणाली, "आमी काढतो. सांग कसं काढायचं."

नागमणीच्या एकटीच्या हातून आठवड्यात एवढं होणार नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिच्या खोलीत बसलो. काच सुपासारखी मांडीवर घ्यायची, बल्ब खाली धरायचा. नागमणीनं पान आणि विडी, अशी राहिलेली दोन टोकं समोर ठेवली आणि सांगितलं, "खालच्यासारखं काढायचं न्हाय. खालच्यापेक्षा केसभर वेगळं काढायचं."

ते आम्हाला जमेना. हात जुना, सवय जुनी. शांतानं चार चित्रं काढली, चारही तंतोतंत एक. तिला स्वतःचाच राग आला. "माझा हातच सरकत न्हाय! जल्मभर सारखंच करायला शिकला, आता वेगळं कर म्हणती."

नागमणी ती चारही चित्रं उजेडाला धरून बघत बसली. मग माझं एक घेतलं, त्या सुनेचं एक घेतलं. माझी बोटं जाडजूड, सुनेची काठीसारखी, शांताची आखल्यासारखी. तिनं ती एकावर एक ठेवली आणि म्हणाली, "एकीनं लागोपाठ दोन काढायचीच न्हाईत. एक काढलं की काच पुढं सरकवायची. तुमी प्रत्येकीनं खुशाल सारखं काढा. हात वेगळे हायत, आपोआप वेगळं येईल."

मग काच खोलीभर फिरली. बाया गाणं म्हणावं तशी चित्रं काढत सुटल्या. ज्यांना पेन्सिल धरता येत नव्हती त्यांनी कात्री धरतात तशी धरली. विड्यांचा माल त्या आठवड्यात कमी गेला, घरोघरी त्यावरून बोलणं झालं. ते सोडून देते.

कार्यक्रमाला आम्ही सगळ्या गेलो. सभागृहात पंखे होते, खुर्च्या मऊ होत्या, आणि कॉलेजच्या पोरांच्या चित्रांत राक्षस, यंत्रं, आग. चांगली होती, पण आवाज फार. रमेश तिसऱ्या रांगेत बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. नागमणी त्याच्या शेजारी. आमचं चित्र चहाच्या सुट्टीनंतर लागलं. लोक अजून बिस्किटं खात आत येत होते.

पान पडलं. सुपात आलं. कात्री चालली. इथपर्यंत हात नागमणीचा, शांत, देखणा. मग वळणं सुरू झालं आणि हात थरथरायला लागला, कधी जाड, कधी बारीक, कधी म्हाताऱ्या बाईचा, कधी पोरीचा. पण वळत होता. खरंच वळत होता. पान गोल होत गेलं.

"माझं!" शांता एकदम उठून ओरडली. "ते माझं होतं! ... गेलं की!"

"माझं कुटं हाय?" सून म्हणाली.

"तुझं पण गेलं बाई," शांता म्हणाली.

"अवो, थांबवा की जरा, माझं बघायचं राहिलं!" मी ओरडले.

सगळं सभागृह वळून आमच्याकडं बघायला लागलं. तोवर कातरणं उडाली, झाड झालं, चित्र संपलंही. लोक हसत होते. पहिल्यांदा मला वाटलं आमच्यावर हसतात. मग पुढून कुणीतरी ओरडलं, "परत लावा!" त्यांनी परत लावलं. आम्ही डोळे ताणून बसलो. परत माझं आलं आणि गेलं, मला दिसलं नाही. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा सगळं सभागृह ओरडत होतं, "आलं, आलं... गेलं!" ज्यांनी काही काढलं नव्हतं तेसुद्धा.

शांता चिडून म्हणाली, "एवढं काढून एकदा पण दिसत न्हाय, काय उपेग?"

पुढच्या रांगेतून नागमणी मागं वळली. "तुझं दिसायला लागलं की हात थांबला म्हणून समज."

दिवे लागल्यावर रमेशनं आईला तेलुगूत काहीतरी विचारलं, तिनं आमच्याकडं हात करून उत्तर दिलं. तो आमच्याकडं बघत राहिला. घरी आल्यावर गिऱ्हाइकाला फोन करून त्यानं खोली विकायची नाही म्हणून सांगितलं. जाताना आईच्या गुडघ्याचं तेल माझ्याकडं देऊन गेला, ती स्वतः लावत नाही म्हणून.

तर मग ती गेली का? लोक म्हणतात मुलगाच घेऊन गेला. खोटं आहे. त्या दिवशी सभागृहात अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीच्या शाळेच्या मोठ्या बाई बसल्या होत्या. त्या दोनदा गल्लीत येऊन गेल्या. शाळेत खोली आहे, पोरं आहेत, कन्नड, मराठी दोन्ही बोलणारी, चित्राचा मास्तर नाही. नागमणीनं आधी नाही म्हटलं, इथला क्लास सोडून कशी जाऊ म्हणून. तेव्हा शांता म्हणाली, "जा की. हितलं आमी बघतो. तुझ्या क्लासात काय भांडी घासायला लागत्यात?"

क्लास आता शांता बघते. फळ्यावर पाणी वर आणि बातम्या खाली आल्या आहेत, एवढाच फरक. पोरांची चित्रं ती बंडलात घालायच्या आधी बोटांनी चाळते. लागोपाठ दोन सारखी आली की बाहेर फेकते. "छाट! परत काढ." पोरं तिला घाबरतात. यंदा हलत्या चित्रांच्या दिवसाला गल्लीचं दुसरं चित्र जाणार आहे, बकरीचं. बकरी उड्या मारते.

नागमणी निघाली त्या दिवशी मी आणि शांता तिला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. अक्कलकोटची गाडी भरलेली. जागा मिळाली नाही, तर ती आपल्या पत्र्याच्या पेटीवरच बसली, मधल्या वाटेत. शेजारच्या सीटवर एक बाई होती, खेड्यातली, मिरच्यांचं पोतं पायाशी घेतलेली. आम्ही खिडकीतून हाका मारत होतो. पोचल्यावर फोन कर, गोळ्या घे, वगैरे. तिनं ऐकलं नाही. ती त्या बाईला काहीतरी हातवारे करून समजावत होती, बाई आधी मान हलवत नाही म्हणत होती, मग हसली. गाडी सुरू झाली. नागमणीनं आमच्याकडं वळूनही बघितलं नाही. गाडी फाटकातून वळली तेव्हा त्या बाईनं पोतं पायानं बाजूला सरकवलं होतं, आणि तिच्या हातात पेन्सिल होती.